कललेल्या तेलमुखाचे बेअरिंग हाउसिंग: स्केच प्रतलांच्या फेरमांडणीच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

कामाचे स्वरूप आधी नोंदवून ठेवतो. ६२०४ या डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंगसाठी ओतीव लोखंडाच्या हाउसिंगचे, म्हणजे बेअरिंगला धरून ठेवणाऱ्या घराचे, एक मॉडेल आधीपासून उपलब्ध आहे, आणि त्याच मॉडेलमधून केवळ मापांचा तक्ता बदलून ६२०६ साठीचे हाउसिंगही मिळाले पाहिजे. ६२०४ चा आतील व्यास २० मिमी, बाहेरील व्यास ४७ मिमी आणि रुंदी १४ मिमी असते; ६२०६ साठी हेच आकडे ३०, ६२ आणि १६ होतात. हाउसिंगला चार बोल्टांचा पाया, मधली उभी भिंत, बेअरिंग बसणारा दंडगोल बॉस (म्हणजे उंचवटा), एका अंगाला तापमान सेन्सरचा छोटा बॉस आणि दुसऱ्या अंगाला दोन दिशांनी कललेले तेलमुख आहे. मॉडेल फ्रीकॅड या त्रिमितीय रेखन सॉफ्टवेअरच्या ०.२१ आवृत्तीत केलेले होते. आता ते १.० मध्ये उघडले आहे.

पहिली चाचणी म्हणून बोअरचा, म्हणजे बेअरिंग बसण्याच्या छिद्राचा, व्यास ४७ वरून ६२ केला. बोअर मोठा झाला, पण बॉसचा बाहेरील व्यास ६५ हा स्वतंत्र आकडा म्हणून लिहिलेला असल्याने बॉसची जाडी १.५ मिमी एवढीच उरली. मग बॉसही ८० केला. तेव्हा सेन्सरचा बॉस मुख्य बॉसच्या पोटात जवळजवळ गडप झाला आणि तेलमुखाचे स्केच, म्हणजे ज्यावरून घन आकार उभा राहतो ती सपाट आकृती, भिंतीच्या बाजूच्या पृष्ठावर जाऊन बसले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की यातले प्रत्येक स्केच हिरवे, म्हणजे पूर्णपणे बंधित होते. स्केचमधील बंधने रेषांना आणि वर्तुळांना त्यांच्या प्रतलावर जागचे हलू देत नाहीत, मात्र ते प्रतल स्वतः कुठे आहे याची हमी ती देत नाहीत.

४ फेब्रुवारी २०२५

मॉडेल ट्रीमधील, म्हणजे घटकांच्या क्रमवार यादीतील, अवलंबित्व आज शेवटापर्यंत तपासले. रचना अशी आहे: पायाचा ठोकळा, त्याच्या वरच्या पृष्ठावर भिंतीचे स्केच, भिंतीच्या पुढच्या पृष्ठावर बॉसचे स्केच, बॉसच्या पुढच्या पृष्ठावर बोअरचे, बोअरच्या तळाच्या पृष्ठावर खांद्याच्या (बेअरिंग टेकते त्या पायरीच्या) छिद्राचे. प्रत्येक स्केच आधीच्या घटकाने निर्माण केलेल्या पृष्ठाला जोडलेले आहे. मॉडेल पहिल्यांदा करताना ही रीत सर्वात जलद वाटते, कारण समोर दिसणारे सपाट पृष्ठ निवडले की स्केच सुरू करता येते. किंमत नंतर मोजावी लागते. खांद्याच्या छिद्राचे स्थान आता पायाच्या जाडीवर अवलंबून आहे, आणि या दोन मापांचा प्रत्यक्ष भागात एकमेकांशी काहीही संबंध नाही.

तेलमुखाचे स्केच भिंतीवर का गेले, त्याचे कारण वेगळे आहे. बॉस ८० मिमीचा होताच तो भिंतीच्या रुंदीच्या बाहेर गेला, काही कडा नाहीशा झाल्या, काही नव्या आल्या, आणि घन आकाराची पृष्ठे नव्याने मोजली गेली. फ्रीकॅड ज्या ओपन कॅस्केड या भूमितीय गाभ्यावर उभे आहे, तो पृष्ठांना क्रमाने ओळखतो. ‘फेस ६’ म्हणजे यादीतील सहावे पृष्ठ, एवढाच त्याचा अर्थ. यादी बदलली की सहाव्या जागी दुसरेच पृष्ठ येऊ शकते आणि स्केच निमूटपणे त्याच्या मागे जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत या प्रश्नावर मोठा उपाय झाला आहे: पृष्ठाच्या नावात ते कोणत्या घटकातून आणि कोणत्या रेषेतून जन्मले याचा माग ठेवला जातो. तरीही जुन्या आवृत्तीत केवळ क्रमांकाने नोंदलेला संदर्भ मुळातच माग नसलेला असतो, आणि एकाच पृष्ठाचे दोन तुकडे झाले तर त्यांतील कोणता हवा हे कोणतेही नाव ठरवू शकत नाही. त्यामुळे आवृत्तीवर विसंबून जुनीच रचना चालवण्याचा विचार सोडला.

निर्णय: भूमिती नव्याने मांडायची. आकार तेच राहतील. बदलायचे आहे ते स्केच कशाला टांगलेले आहे, एवढेच.

६ फेब्रुवारी २०२५

आरंभबिंदू कुठे घ्यावा यावर आजचा बराचसा वेळ गेला, आणि तो वेळ योग्य ठिकाणी गेला असे वाटते. जुन्या मॉडेलमध्ये तो पायाच्या तळाच्या एका कोपऱ्यात होता. ठोकळा काढायला ते सोयीचे असले तरी पायाची लांबी बदलली की बेअरिंगचा अक्ष सरकतो. या भागाचे कामच मुळी अक्षाला जागेवर धरून ठेवणे हे आहे. म्हणून आरंभबिंदू अक्षावर, बेअरिंगच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर घेतला. वाय अक्ष म्हणजे बेअरिंगचा अक्ष, झेड वर, एक्स आडवा. पायाचा तळ आता झेड = −६० वर येतो आणि ही अक्षाची उंची तक्त्यातील एक चल होते.

प्रतल ठरवणे आणि स्केच ठरवणे या दोन गोष्टी सहकाऱ्याला समजावून सांगताना वेगळ्या करून लिहिल्या, त्या इथेही नोंदवतो. अवकाशात कोणत्याही चौकटीला हलण्याच्या सहा शक्यता असतात: तीन सरकण्याच्या आणि तीन फिरण्याच्या. अमर्याद प्रतल निश्चित करायला यांतील तीनच बंद कराव्या लागतात, म्हणजे दोन कल आणि लंब दिशेतील एक अंतर. प्रतलावर स्केच मांडायचे तर आणखी तीन ठरवावे लागतात: स्केचचा आरंभबिंदू प्रतलावर नेमका कुठे, हे सांगणारी दोन अंतरे आणि स्केचचा आडवा अक्ष कोणत्या दिशेला, हा एक कोन. पृष्ठ निवडून स्केच सुरू केले की पहिल्या तीन गोष्टी डोळ्यांना दिसतात, उरलेल्या तीन सॉफ्टवेअर आपल्या मनाने ठरवते, आणि पुढे भाग बदलल्यावर नेमक्या त्याच फिरतात. ड्रॉइंगवरील डेटम, म्हणजे मोजणीच्या आधारांच्या, पद्धतीतही हाच हिशेब आहे. पहिले डेटम पृष्ठ तीन शक्यता बंद करते, दुसरे दोन आणि तिसरे एक. ज्याला तपासणीच्या टेबलावर भाग तीन, दोन, एक अशा टेकूंवर बसवता येतो, त्याला स्केच प्रतल समजायला अडचण येऊ नये.

७ फेब्रुवारी २०२५

आधार प्रतलांचा संच तयार केला. ‘पाया’ हे प्रतल एक्स-वाय प्रतलापासून अक्षाच्या उंचीएवढे खाली आहे. ‘आसन पुढे’ आणि ‘आसन मागे’ ही प्रतले एक्स-झेड प्रतलापासून बेअरिंगच्या निम्म्या रुंदीवर आहेत, आणि ‘झाकण’ हे झाकण बसते त्या टोकाला. प्रत्येकाला कामावरून नाव दिले. ‘डेटम प्लेन ००३’ अशा नावाचे प्रतल दुसऱ्या माणसाला काहीच सांगत नाही. प्रो-इंजिनिअर या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत पहिली तीन प्रतले डीटीएम१, डीटीएम२, डीटीएम३ अशा नावांनी येत, आणि अनुभवी माणसे त्यांची नावे बदलल्याशिवाय पुढे जात नसत, ते उगीच नव्हे.

सगळी प्रतले थेट आरंभबिंदूच्या तीन प्रतलांपासून मोजली आहेत, एकमेकांपासून साखळीने नाहीत. वाहनांचे भाग बनवणाऱ्या डेल्फी कंपनीने ‘होरिझॉन्टल मॉडेलिंग’ या नावाने पेटंट घेतलेल्या पद्धतीचा गाभाही साधारण असाच आहे: घटक एकमेकांना न जोडता समान पातळीवरील संदर्भांना जोडायचे. ती पद्धत टोकापर्यंत नेली तर प्रतलांचे जंगल होते आणि कोणते प्रतल कुणाचे हे शोधण्यातच वेळ जातो. या भागासाठी मोजकी प्रतले पुरतील, असे माझे मत आहे.

बोअर, खांदा, सीलची खाच आणि बॉसचा बाहेरील आकार एकाच स्केचमध्ये घेतले: वाय-झेड प्रतलावर अर्धा छेद काढून तो वाय अक्षाभोवती रिव्हॉल्व्ह केला, म्हणजे फिरवून घन आकार केला. जुन्या मॉडेलमधील एकावर एक रचलेली स्केचेस यामुळे गळाली, आणि बॉसची त्रिज्या आता ‘बेअरिंगचा बाहेरील व्यास ÷ २ + ९’ अशी लिहिलेली आहे. ६२०४ साठी ३२.५ आणि ६२०६ साठी ४०.

एक सूचना पुढे हे मॉडेल हाताळणाऱ्यासाठी: एक्स-झेड प्रतलावरील स्केचचा लंब वजा वाय दिशेला असतो. स्केचचा आडवा अक्ष एक्स आणि उभा अक्ष झेड असेल, तर उजव्या हाताच्या नियमाने तिसरा अक्ष तसाच येणार. ‘आसन मागे’ हे प्रतल अधिक वाय बाजूला हवे असेल तर ऑफसेट (सरकवण्याचे अंतर) ऋण लिहावा लागतो. दिशा उलटवण्याची खूण लावूनही काम भागते, परंतु मग तक्त्यातील आकडा आणि मॉडेलमधील स्थान यांची चिन्हे जुळत नाहीत, म्हणून ती लावलेली नाही.

१० फेब्रुवारी २०२५

पाया आणि भिंत पूर्ण झाली. पायाचे स्केच ‘पाया’ प्रतलावर, १४ मिमी वर. भिंतीचे स्केच एक्स-झेड प्रतलावर, दोन्ही बाजूंना सममित. एम८ बोल्टांसाठी ९ मिमीची चार छिद्रे आहेत, आणि त्यांचे स्केच पायाच्या वरच्या पृष्ठावर न घेता ‘पाया’ प्रतलावरच घेतले. छिद्रे आरपार असल्याने आकारात फरक पडत नाही.

११ फेब्रुवारी २०२५

सेन्सरचा बॉस मुख्य बॉसच्या वक्र पृष्ठावर, उभ्या दिशेपासून ४५ अंशांवर त्रिज्येच्या दिशेने उभा आहे. वक्र पृष्ठावर स्केच काढता येत नाही, म्हणून सर्वांना प्रथम सुचते ते स्पर्श प्रतल. जुन्या मॉडेलमध्येही ते होते, आणि त्यासाठी दंडगोलाचे पृष्ठ व त्यावरील एक बिंदू संदर्भ म्हणून घेतलेला होता.

स्पर्श प्रतलाची अडचण भूमितीची आहे. ते दंडगोलाला एकाच रेषेवर टेकते. तिथून १६ मिमी व्यासाचे वर्तुळ बाहेर उचलले तर वर्तुळाच्या कडा दंडगोलापासून सुटलेल्या राहतात. ३२.५ त्रिज्येच्या दंडगोलावर ८ मिमी त्रिज्येच्या वर्तुळासाठी ही फट ३२.५ − √(३२.५² − ८²) = ३२.५ − ३१.५, म्हणजे नेमकी १ मिमी येते. ४० त्रिज्येवर ती ०.८१ मिमी होते. जुन्या मॉडेलमध्ये ही फट झाकण्यासाठी स्केच ‘१ मिमी आत’ सरकवलेले होते. ६२०४ साठी तो आकडा बरोबर होता, पण तो कुठून आला याची नोंद मॉडेलमध्ये कुठेच नव्हती.

नव्या मांडणीत वाय अक्षाभोवती ४५ अंश फिरवलेले एक प्रतल घेतले आणि ते बॉसच्या माथ्यावर, म्हणजे अक्षापासून ‘बॉसची त्रिज्या + १२’ अंतरावर ठेवले. वर्तुळ तिथे काढले आणि तिथून आत, दंडगोलाच्या पृष्ठाला भिडेपर्यंत उचलले. फटीचा प्रश्नच राहिला नाही, आणि सेन्सर ज्या माथ्यावर बसतो तो आता थेट मापाने ठरतो. पृष्ठाचा संदर्भ पूर्ण टाळावा असे माझे म्हणणे नाही, हे इथे स्पष्ट करतो. आकार कुठून सुरू होतो ते प्रतलाने ठरवावे. कुठे थांबतो ते समोरच्या पृष्ठावर सोपवायला हरकत नाही, कारण ‘मुख्य बॉसला भिडेपर्यंत’ हाच तिथला खरा हेतू आहे.

१३ फेब्रुवारी २०२५

तेलमुख. संपूर्ण कामातील सर्वात अवघड प्रतल हेच आहे, म्हणून नोंद सविस्तर करतो.

मूळ ड्रॉइंगवर लिहिले आहे: ‘३५° आणि २०° कल’. एवढ्या वाक्याचे निदान तीन अर्थ होतात. पहिला: मुखाचा अक्ष उभ्या दिशेपासून ३५ अंश कललेला आहे, आणि वरून पाहिल्यास तो कल एक्स अक्षापासून २० अंश वळलेला दिसतो. दुसरा: अक्ष आधी वाय अक्षाभोवती ३५ आणि मग एक्स अक्षाभोवती २० अंश फिरवला आहे. तिसरा: तेच, उलट क्रमाने. दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्थात उभ्या दिशेशी होणारा कोन सारखाच, सुमारे ३९.७ अंश येतो. परंतु वरून पाहिल्यास एकात दिशा एक्स अक्षापासून २६ अंशांवर आणि दुसऱ्यात ३२.४ अंशांवर जाते. फिरवण्यांचा क्रम बदलला की शेवटची स्थिती बदलते, ही गोष्ट कागदावर माहीत असूनही ड्रॉइंगवर कोन लिहिताना विसरली जाते. तयार भागावर मोजणी करून पहिला अर्थ खरा असल्याचे पक्के केले.

या अर्थाने मुखाच्या अक्षाची दिशा एक्स, वाय, झेड घटकांत (०.५३९, ०.१९६, ०.८१९) येते. फ्रीकॅडच्या स्थिती खिडकीत एक्स-वाय प्रतलाला यॉ २० आणि पिच ३५ दिले की लंब नेमका याच दिशेला जातो, कारण तिथे प्रथम झेडभोवती आणि मग फिरलेल्या वायभोवती फिरवले जाते. त्यातून एक अनपेक्षित सोयही मिळते: स्केचचा उभा अक्ष पूर्णपणे क्षितिजसमांतर राहतो आणि आडवा अक्ष उताराच्या सर्वात तीव्र दिशेला, खाली जातो. मुखाच्या चकतीवरील दोन स्क्रू क्षितिजसमांतर रेषेवर हवे होते. ते आता स्केचच्या उभ्या अक्षावर ठेवले की झाले.

पुढचा प्रश्न अंतराचा. एकाच प्रतलाला कोन आणि झेड ऑफसेट दोन्ही दिले तर ऑफसेट मूळ प्रतलाच्या लंबाच्या दिशेने लागतो. प्रतल आधी सरळ वर सरकते आणि तिथे कलते. आपल्याला ते कललेल्या लंबाच्या दिशेने बाहेर हवे आहे. म्हणून दोन प्रतले केली: ‘तेल कल’ केवळ फिरवलेले, आणि ‘तेल तोंड’ हे ‘तेल कल’ला जोडून त्याच्या स्वतःच्या लंब दिशेने बाहेर नेलेले. साखळी टाळण्याचा ७ तारखेचा नियम इथे जाणूनबुजून मोडला आहे, कारण तोंड खरोखरच कलावर अवलंबून आहे.

१४ फेब्रुवारी २०२५

‘तेल कल’चा आरंभबिंदू बेअरिंगच्या मध्यावर ठेवता येत नाही. तिथून जाणारा अक्ष बोअरच्या पृष्ठाला वाय = ४.७ मिमीवर छेदतो. ६२०४ ची रुंदी मध्यापासून दोन्हीकडे ७ मिमी असल्याने छिद्र सरळ बाहेरील कड्यावर उघडेल आणि तेल बेअरिंगच्या शेजारच्या पोकळीत पोहोचणारच नाही. आरंभबिंदू अक्षावर ‘बेअरिंगची निम्मी रुंदी + ७’ एवढा पुढे नेला: ६२०४ साठी १४, ६२०६ साठी १५. मुखाचे स्थान बेअरिंगच्या रुंदीशी जोडले जाणे हे या भागाच्या कामाशी सुसंगत आहे, आणि जुन्या मॉडेलमध्ये नेमका हाच संबंध कुठे नव्हता.

‘तेल तोंड’चे अंतरही आकडा म्हणून न लिहिता संबंध म्हणून लिहिले. मुखाचा अक्ष वाय अक्षाला लंब नसून लंब दिशेपासून ११.३ अंश ढळलेला आहे. त्यामुळे आतून निघालेला अक्ष बॉसच्या पृष्ठावर त्रिज्येपेक्षा थोड्या जास्त अंतरावर पोहोचतो. हे अंतर म्हणजे त्रिज्या भागिले ०.९८०६. त्यावर २५ मिमी बाहेर, हे मुखाचे तोंड: ६२०४ साठी ५८.१ मिमी आणि ६२०६ साठी ६५.८ मिमी. ०.९८०६ हा आकडा तक्त्यात थेट न ठेवता दोन्ही कोनांवरून काढला जातो, म्हणजे कोन बदलला तरी मुखाची उंची ढळणार नाही.

स्केचमध्ये आता केवळ दोन समकेंद्री वर्तुळे आणि दोन छिद्रे उरली आहेत. कामाचा सगळा भार प्रतलाने उचलला की स्केच असेच साधे होते.

१७ फेब्रुवारी २०२५

ओतकामाचा ड्राफ्ट, म्हणजे साच्यातून सुटण्यासाठी बाजूंना दिलेला उतार. भिंतीला आणि पायाच्या बाजूंना २ अंश. ड्राफ्ट देताना तटस्थ प्रतल निवडावे लागते, म्हणजे ज्या पातळीवर माप मूळचे राहते आणि जिथून वर किंवा खाली भाग बारीक अथवा जाड होत जातो ती पातळी. हेही स्केच प्रतलाइतकेच गंभीर प्रकरण आहे, फक्त त्याकडे कुणी तसे पाहत नाही. पायाच्या वरच्या पृष्ठापासून अक्षापर्यंतच्या ४६ मिमी उंचीत २ अंशांनी प्रत्येक बाजूला १.६ मिमीचा फरक पडतो. भिंतीची जाडी कुठे मोजायची हे ड्रॉइंगवर सांगितलेले नव्हते. ओतकाम पाहणाऱ्या सहकाऱ्याशी बोलून ती पायाच्या वरच्या पातळीवर मोजायची असे ठरले, आणि त्या पातळीला ‘ड्राफ्ट तटस्थ’ हे स्वतंत्र प्रतल केले.

जुन्या मॉडेलमधील तेलाच्या निचऱ्याचे छिद्र भिंतीच्या बाजूच्या पृष्ठावर काढलेले होते. ड्राफ्ट लावताच ते पृष्ठ कलले, त्यावरील स्केचही कलले आणि छिद्र २ अंश तिरके झाले. ४० मिमी खोलीवर ते १.४ मिमी खाली उतरत होते. पडद्यावर हे डोळ्यांना जाणवत नाही आणि छेद पाहिल्याशिवाय सापडत नाही. नव्या मॉडेलमध्ये निचऱ्याचे स्केच वाय-झेड प्रतलाला समांतर अशा प्रतलावर आहे, आणि ट्रीमध्ये ड्राफ्ट त्याच्या आधी लागला की नंतर याने काही बिघडत नाही. फिलेट, म्हणजे कडांची गोलाई, सर्वात शेवटी दिले. फिलेटमुळे गोल होणाऱ्या कडांचा बाह्य संदर्भ एकाही स्केचमध्ये घेतलेला नाही, हे प्रत्येक स्केच उघडून तपासले.

१८ फेब्रुवारी २०२५

तेलमुखावर बसणारा ब्रीदर (हवा आत-बाहेर जाऊ देणारे झाकण) विकत घ्यायचा आहे. त्याची स्टेप फाइल (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांत आकार देण्याघेण्याची फाइल) मिळाली. अशा आयात केलेल्या आकाराला घडणीचा इतिहास नसतो. तक्ता नाही, स्केच नाही, त्यामुळे संदर्भ घ्यायला पृष्ठेच आहेत. इथे पृष्ठाला जोडणे अपरिहार्य आहे, पण ते एकदाच केले: ब्रीदरच्या बसण्याच्या पृष्ठावर एक डेटम प्रतल, आणि बाकी सारे त्या प्रतलाला. उद्या पुरवठादाराने फाइल बदलली तर दुरुस्ती एका जागी होईल.

फाइल उघडताना ब्रीदर आडवा पडलेला आला. यात बिघाड काही नाही. सॉलिडवर्क्समध्ये ‘फ्रंट’ प्रतल एक्स-वाय असते आणि वर जाणारा अक्ष वाय. फ्रीकॅड आणि ऑनशेपमध्ये एक्स-वाय हे ‘टॉप’ आणि वर जाणारा अक्ष झेड. फ्यूजनमध्ये वापरणारा यांपैकी कोणताही निवडू शकतो. आयात केलेला आकार स्वतः ९० अंश फिरवण्याऐवजी त्याच्यावरील डेटम प्रतल ‘तेल तोंड’ला जुळवले; दिशा आपोआप सुटली.

झाकणाच्या स्क्रूंची जागा हाउसिंग आणि झाकण या दोन्हींत सारखी हवी. झाकणाचे स्केच हाउसिंगमधून आणि हाउसिंगच्या खाचेचे माप झाकणातून, असा दुहेरी संदर्भ घेतला की अवलंबित्वाचे वर्तुळ तयार होते आणि पुनर्गणना थांबते. म्हणून स्क्रूंचे वर्तुळ तिसऱ्याच, घन आकार नसलेल्या मूळ स्केचमध्ये ‘झाकण’ प्रतलावर ठेवले आणि दोन्ही भागांनी ते शेप बाइंडरमार्फत, म्हणजे दुसरीकडचा आकार संदर्भ म्हणून आणणाऱ्या दुव्याने, घेतले.

२० फेब्रुवारी २०२५

चाचणी. तक्त्यात ४७ चे ६२, १४ चे १६, उंची ६० ची ७५ केली. पुनर्गणना एकही इशारा न देता पूर्ण झाली. बॉसची जाडी ९ राहिली, सेन्सरचा बॉस माथ्यापर्यंत १२ मिमी बाहेर आहे, तेलमुख २५ मिमी बाहेर आणि त्याचे छिद्र पोकळीत उघडते. मग मुद्दाम त्रास देणारे बदल करून पाहिले: पायाच्या कोपऱ्यांना खाचा दिल्या, भिंतीची रुंदी बॉसपेक्षा कमी आणि नंतर जास्त केली, ड्राफ्ट काढून पुन्हा लावला. स्केच जागचे हलले नाही. भिंत बॉसपेक्षा रुंद असताना मात्र दोन फिलेट अयशस्वी झाले, कारण त्यांच्या कडाच उरल्या नव्हत्या. फिलेट कडेलाच जोडावे लागते. त्याला प्रतलाचा पर्याय नाही. रुंदीची कमाल मर्यादा तक्त्यात नोंदवली.

ड्रॉइंगसाठी तेलमुखाचे सहायक दृश्य त्याच्या अक्षाच्या दिशेने घेतले, कारण चकतीचे वर्तुळ त्याच दिशेने पाहिल्यावर वर्तुळ दिसते. समोरच्या दृश्यात १६ मिमीची चकती केवळ ३.१ मिमी रुंद लंबवर्तुळ होते आणि वरच्या दृश्यात १३.१ मिमी. समोरच्या दृश्यावर कोन मोजून लिहायचा मोह होतो, पण तिथे अक्ष उभ्या दिशेपासून ३३.३ अंश दिसतो, ३५ नव्हे. म्हणून वरच्या दृश्यात २० अंश आणि अक्षातून जाणाऱ्या उभ्या छेदात ३५ अंश, असे दोन्ही कोन जिथे खरे दिसतात तिथेच लिहिले, आणि जुनी ‘३५° आणि २०° कल’ ही टीप काढून टाकली.

शिल्लक: ब्रीदरच्या आट्यांची खोली पुरवठादाराकडून आल्यावर ‘तेल तोंड’ प्रतलापासून आत मोजायची आहे, सीलच्या खाचेचे माप दोन्ही बेअरिंगांसाठी तक्त्यात स्वतंत्र रांगेत भरायचे आहे.